नाव कुठं लिहायचं

तीर्थपुरी, ८ जानेवारी २०२५

राजानंदा, जयभीम.

तुझी माय बेबीनंदा लिहून राह्यली. फोन तू उचलत न्हाईस, आन उचललास तर मीटिंगमधी हाय म्हणतोस, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिते. जिथं अक्षर अडलं तिथं तूच जरा पुढं ढकल.

आनंदाची बातमी हाय. आपली साक्षी गाडी घेऊन राह्यली. तुझीच लेक, भूल देणारी डॉक्टर, हे तुला ठाऊक हाय, पण मला लिहायला गोड लागतं. पुण्याचं मोठं हॉस्पिटल सोडून जालन्यात आली, आन आज अंबड, उद्या शहागड, परवा तीर्थपुरी, जिथं ऑपरेशन तिथं ती. मागच्या बाजारात वांगे विकणारी सगुणाबाई भेटली. तिच्या सुनंचं शिजर झालं तव्हा भूल साक्षीनं दिल्ती. सगुणाबाई म्हणली, "बेबीनंदाबाई, तुमच्या नातीनं सुई टोचली ते सुनंला कळलंबी न्हाई." मी म्हणले, "कळलं तर ती भूल कसली बाई?" सगुणाबाई एवढी हसली की एक वांगं जास्तीचं टाकलं.

तर गाडी. तिची जुनी बारकी गाडी दुसऱ्यानं वापरून दिलेली. तिचं माझ्या बाजूचं दार फक्त बाहेरून उघडायचं. मला उतरवायला डॉक्टरला फेरा मारून यावं लागायचं, आन लोकाला वाटायचं काय मान हाय म्हातारीचा! ती विकली. आता मोठी घ्यायची. जीपसारखी उंच, आतून दिवाणखान्यासारखी. तिच्या जातीला इंग्रजीत क्रॉस-काहीतरी म्हणतात. लय भारीतली. किंमत मला सांगितली न्हाई आन मी विचारली न्हाई, तिच्या घामाची हाय.

तेवढ्यात प्रीतीचा फोन आल्ता. सूनबाई बिचारी हळू आवाजात बोलती. तुझा निरोप सांगितला: त्या रस्त्यावर पोरीनं एकटीनं गाडी चालवू नये, ड्रायव्हर ठेवावा, न्हाईतर पुण्याला वापस यावं. राजानंदा, हे तू लेकीला का सांगत न्हाईस? दोन वर्षं झाली, बापलेक बोलत न्हाईत. ती गावाकडं आली याचा येवढा राग?

आन ड्रायव्हरचं म्हणशील तर ड्रायव्हर ह्या घरात होता. तुझा बाप. कडूबानं जिंदगीभर शहागडच्या रोडनं ट्रक हाकला. ट्रकच्या कपाळावर नाव शेठच्या लेकरांचं. लांबून ट्रक दिसला की लोक म्हणायचे, शेठचा ट्रक आला. कडूबा आला असं एकानंबी म्हणलं न्हाई, मी एकटी म्हणायची.

म्हणून साक्षीला मी सांगून टाकलं, गाडी तुला आवडंल ती घे, पुढच्या काचंवर वर मधोमध नाव तुझ्या आजोबाचं पाहिजे. जालन्याच्या मस्तगडात स्टिकरचं दुकान हाय, तिथून पट्टी करूनबी आणली. निळ्यावर पांढरी अक्षरं, जयभीम आन त्याच्या बाजूला कडूबा हिवाळे. गाडी यायची हाय, नाव आधीच येऊन बसलं.

तुला आवडंल न आवडंल, मला सांगू नको.

तुझी माय


तीर्थपुरी, २४ जानेवारी २०२५

राजानंदा,

माझं पत्र वापस आलं. पोस्टमनला वाटलं तुझंच आलं, खुशीत आवाज देत आला. पाकिटावर इंग्रजीत काहीतरी खरडलेलं. साक्षी रविवारी आल्ती, तिला म्हणले वाच. ती वाचंना. मी म्हणले, "डॉक्टरला इंग्रजी येत न्हाई व्हय?" तव्हा म्हणली, "आजी, लिहिलंय की राजानंद कडूबा हिवाळे नावाचं इथं कोणी राहत नाही."

मला आधी वाटलं तू घर बदललं. मंग पोरीनं सगळं सांगितलं. दारावर पाटी हाय राज आनंद. गेटवरच्या माणसाच्या वहीत राज आनंद. राज नाव, आनंद आडनाव. माझ्या एका लेकाचे दोन केलेस तू!

तू झालास तव्हा तुझा बाप म्हणला, राजा ठेवू. मी म्हणले, आनंद ठेवू. बारशापर्यंत आमचं भांडण. शेवटी दोघाचं जोडून राजानंद केलं. आम्ही जोडलं तिथंच बराबर तू तोडलं, अवजाराचीबी गरज पडली न्हाई.

आन मला वाटत होतं तुमचं भांडण ती जालन्याला आली म्हणून झालं. आता कळलं. तिनं दारावर नवी पाटी लावली, सगळं नाव घालून, आन संध्याकाळी तू ती उतरवली. दुसऱ्या दिवशी तिनं बॅग भरली. दोन वर्षं माझ्यापासून लपवलं पोरीनं, मला वाईट वाटंल म्हणून. वाईट वाटलं न्हाई. राग आला. रागानं माणूस जरा तरतरीत होतो, दळणबी स्वतः घेऊन आले त्या दिवशी.

एक गोष्ट मात्र मी इसरले न्हाई. तू पुण्यात नवा होतास, भाड्यानं घर बघायचास, आन आडनाव ऐकलं की घरमालक म्हणायचा कालच दिलं. तू मला हे जेवता जेवता सांगितल्तं, हसत, पण भाकरी तशीच राह्यली होती ताटात. तव्हा घरासाठी नाव तोडलं असशील तर मी तुला काही म्हणणार न्हाई. पण आता घर तुझं हाय, दार तुझं हाय, पाटीचा खिळा तुझा हाय. आता कोण विचारून राह्यलं?

बरं, ते राहू दे. गाडीचं सांगते, त्यात मजा हाय.

संभाजीनगरला शोरूममधी गेलो. आत येवढी थंडी की मी पदर घट्ट केला. सूरज नावाचा पोरगा गाड्या दाखवायला होता, टाय लावलेला, बोलायला मऊ. दोन गाड्या निवडल्या. एक राखाडी, एक निळी. दोन्ही भारी, पण राखाडीला इंजिन जास्त आन अक्कल कमी, निळीला अक्कल फार.

सूरज म्हणला, "आज्जी, निळीमधी लेन असिस्ट हाय."

मी ऐकलं लेणं. मी म्हणले, "लेणं आम्ही आमचं घालू बाबा, आधी गाडी दाखव." साक्षी हसून हसून लाल झाली. लेन म्हंजे रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यामधली जागा. गाडी पट्टी सोडून चालली की चाक आपोआप हातात वळतं, चल माघारी म्हणतं. मी म्हणले, "तीर्थपुरीच्या रोडला पट्ट्या न्हाईत. मंग काय धरील ती?" सूरज म्हणला, "मंग ती गप बसते, आज्जी." शहाणी हाय म्हणायची.

पुढं म्हणला, "ही लेव्हल टू हाय."

"म्हंजे दुसरी पास?"

"तसंच समजा."

"मी चौथी पास हाय. तिच्या दोन वर्ग पुढं."

अजून काय काय सांगितलं ऐक. पुढच्या गाडीमागं अंतर धरून चालती, तिनं हळू केलं की ही हळू करती. आरशात न दिसणाऱ्या जागी मोटारसायकल शिरली की आरशात नारिंगी दिवा लागतो. चालवणाऱ्याला पेंग यायला लागली की समोर कपाचं चित्र दाखवती. चित्रच हां, च्या न्हाई देत. आन पुढं माणूस, जनावर, गाडी आली आन आपला पाय पडला न्हाई, तर स्वतः ब्रेक मारती. काचंच्या वर, आरशाच्या मागं तिचा डोळा हाय. कॅमेरा.

साक्षीनं सगळं नीट विचारून घेतलं. ही पोरगी गाडी घेतानाबी पेशंट तपासल्यासारखी तपासती. घरी येताना मला म्हणली, "आजी, ऑपरेशनमधी माझ्या बाजूला मशीन असतं. सारखं वाजत असलं ना, तर दोन दिवसांनी कोणी त्याच्याकडं बघत नाही. मला फार वाजणारी गाडी नको. समृद्धीवरून जाईन तेव्हा ते अंतर धरणं कामाचं. इकडं आपल्या रस्त्यावर चाक ओढणारी लेन मी बंदच ठेवणार. पण ब्रेक मला पाहिजे. तीन ऑपरेशनं करून निघते तेव्हा माझा पाय माझ्या अर्धा सेकंद मागं असतो."

मी म्हणले, "मंग निळी."

तर म्हणली, "निळीच्या काचेवर पट्टी लावता येणार नाही. जिथं तू म्हणतेस तिथंच कॅमेरा आहे. सूरजनं सांगितलं, तिथं काही चिकटवलं की गाडी आंधळी."

राखाडीच्या काचंवर कॅमेरा न्हाई. तिथं नाव बसतं.

घ्या! म्हंजे आंधळी गाडी घेतली तर नाव दिसंल, आन बघणारी घेतली तर नाव झाकायचं. ही अट मी ह्याच्या आधी कुठं ऐकली, ते तुला सांगायला नको.

मी म्हणले, "राखाडी घे. ब्रेक मारायला तुझा पाय हाय."

ह्या पाकिटावर प्रीतीचं नाव टाकलं, म्हंजे आत येईल. पहिलं पत्रबी ह्याच्यातच घालते. खाली तुझं नाव सगळं लिहिलं हाय, जोडून.

तुझी माय


तीर्थपुरी, ९ फेब्रुवारी २०२५

राजानंदा,

प्रीतीचा फोन आला. तू म्हणलास म्हणे, कंपनीच सांगून राह्यली की काचंवर नाव नको, तर मायनं हट्ट करू नये, नाव नकोच. म्हंजे पत्र वाचलं तर! शेवटपर्यंत वाचलं, कारण कॅमेऱ्याचं शेवटी होतं. मी लय खूश झाले. तुझा निरोप वाईट हाय, पण निरोप हाय.

सूरजनं निळी गाडी दोन दिवस फिरवून बघायला दिली. साक्षी ती घेऊन तीर्थपुरीला आली तव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया बाहेर. झुंबरबाईनं गाडीभोवती पूर्ण चक्कर मारली आन म्हणली, "हिला चिमणी कुठं?" मी म्हणले, "धूर नको म्हणून लपवली." मला सीट गरम करून दिली. लोक म्हातारपणी शेकायला गोवऱ्या जमा करतात, मी बटण दाबते! पिशवी बाजूच्या सीटवर ठेवली तर गाडी टूं टूं करायला लागली. तिला वाटलं माणूस बसला, पट्टा लावा. मी पिशवीला पट्टा लावला. जोंधळ्याचं पीठ एवढ्या थाटात कधी गेलं नसंल.

शहागडला जाऊन आलो. सगळं बराबर झालं. गाडी चांगली हाय.

काचंवर मी आपली पट्टी लावून बघितल्ती, नुसती कशी दिसती म्हणून. ती निघाली. ऊन लय पडलं, डिंक सुटला असंल. काचंला एक ओरखडा हाय, तो मांजरीचा.

साक्षीची तब्येत चांगली. माझीबी.

तुझी माय


तीर्थपुरी, १४ फेब्रुवारी २०२५

राजानंदा,

तू काल साक्षीला फोन केलास. दोन वर्षांनी. ती तेव्हा माझ्याजवळ होती, नाव बघून फोन हातातून पडायला आल्ता. मला वाटलं बापाला पाझर फुटला. आन तू काय बोललास? "मी सांगितलं होतं. आजीच्या स्टिकरपायी मेली असतीस." तिनं आईला सांगितलं, आईनं तुला सांगितलं, म्हंजे मांजर कामाला आली न्हाई. फेब्रुवारीत डिंक सुटत न्हाई हे तुलाबी कळतं.

तर नीट ऐक, कोणाच्या तोंडून नको, माझ्याच ऐक.

पट्टी मी लावली. साक्षी च्या पीत होती तव्हा स्टुलावर चढून, पाण्यानं पुसून, मधोमध, कपडा फिरवून. फुगा एक राह्यला न्हाई. ती बाहेर आली, बघितलं, आन हसली. म्हणली, "आजी, चिकटवलीसच!" फोटो काढला. गाडी चालू केली तर समोर पिवळी अक्षरं आली, कॅमेरा झाकला म्हणून. मी म्हणले, "काय म्हणती ती?" साक्षी म्हणली, "म्हणते, मला दिसत नाही." मी म्हणले, "तुला तर दिसतं ना?" तिनं माझं मन राखलं. येवढंच झालं.

शहागडला तिची दोन ऑपरेशनं झाली. मी दवाखान्याच्या बाकावर बसून एका बाळाला झोके दिले. दिवेलागणीला निघालो. मी बोलत होते. काय बोलत होते आठवत न्हाई, मी बोलतच असते. वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा न्हाई, चिंधी न्हाई, काही न्हाई, रस्त्याच्या रंगाचीच. आधी मलाच दिसली. तोंड उघडलं तर आवाज आला न्हाई. साक्षीचा पाय पडला. गाडी किंचाळत गेली आन उसाचे शेंडे काचंवरून फर्रर्र करून फिरले. थांबलो तव्हा एक वाढं काचंला टेकलेलं, बराबर पट्टीखाली. माणसाला काही झालं न्हाई. ट्रॉलीवाला आला आन म्हणला, "बाई, हळू चालवा ना." मी त्याला जे बोलले ते कागदावर येत न्हाई.

मंग साक्षी म्हणली, "आजी, मी ठीक आहे." म्हणत म्हणत तिनं माझीच नाडी धरली.

मी खाली उतरले. पट्टी मी काढली. डिंक नव्हता सुटला, चांगलीच चिकटवल्ती. नखानं काढली, मंग केसाच्या आकड्यानं, मंग दातानं टोक धरून. साक्षी म्हणत होती, "आजी, राहू दे, उद्या काढू." मी म्हणले, "आजच." ओरखडा पडला तो माझ्या आकड्याचा. सूरजला सांगितलं, तो म्हणला, "आज्जी, काच बदलू." त्याच्या मायला चांगला लेक झाला.

पट्टी निघाली, पिवळी अक्षरं गेली. गावाजवळ आलो तर एक म्हैस आडवी आली, घाई नसलेली. साक्षीचा पाय उचलायच्या आधी गाडीनं स्वतः ब्रेक मारला. आम्ही दोघी पुढं झुकलो. म्हशीनं वळूनसुद्धा पाह्यलं न्हाई. साक्षी रडली तव्हा. मी न्हाई. मी म्हशीला जयभीम केला.

आता तुझं. तू म्हणतोस, मी सांगितलं होतं. काय सांगितलं होतंस? तू म्हणलास नाव नको. मी म्हणते, नाव त्या जागी नको. ह्या दोन गोष्टी एक न्हाईत, राजानंदा. त्या एक समजून तू इतकी वर्षं काढली. कॅमेऱ्याच्या आड लपू नको. कॅमेऱ्याला फक्त त्याचा चौकोन मोकळा पाहिजे. बाकी सगळी गाडी आपली हाय.

आन पुढचं वाक्य तू साक्षीला बोललास, ते मी ऐकलं, फोनमधून आवाज येत होता. "आता तरी ये परत." ती येणार न्हाई. तिच्यासाठी बायका वाट बघतात इथं. ती येणार न्हाई, ड्रायव्हर ठेवणार न्हाई, आन घाबरणार न्हाई. घाबरायचं काम आता गाडीकडं दिलं.

निळीच घेऊन राह्यलो. मीच म्हणले.

तुझी माय


तीर्थपुरी, ३ मार्च २०२५

राजानंदा,

गाडी आली! निळी, आपल्या झेंड्याच्या रंगाची, सूरज म्हणला हा रंग कमी लोक घेतात. मी म्हणले, लोकाला अजून कळला नसंल.

शोरूमवाल्यांनी हार आणला होता झेंडूचा, पुढं अडकवायला. मी म्हणले, "थांबा!" सगळे थांबले. मी म्हणले, "खालच्या जाळीमागं हिचं अजून एक यंत्र हाय, ते झाकलं की अंतर कळत न्हाई. हार मागं लावा." सूरज माझ्याकडं बघतच राह्यला. म्हणला, "आज्जी, तुम्ही इथं नोकरीला या." मी म्हणले, "दुसरी पासच्या हाताखाली मी काम करत न्हाई."

मंग शहागडला रखमाजी पेंटरकडं गेलो. त्यानं उभा जन्म ट्रकांवर नावं काढली, तुझ्या बापाच्या ट्रकवरची शेठच्या लेकरांची नावंबी त्याचीच. गाडी बघून त्यानं ब्रश धुवून घेतला, हात धुतले, चष्मा पुसला, आन तरी हात लावंना. म्हणला, "वहिनी, ह्या गाडीला मी ब्रश लावला तर कंपनी मला पकडून नेईल." साक्षी म्हणली, "काका, गाडी माझी आहे. लावा." पण मला हळूच म्हणली, "आजी, थोडं बारीक अक्षर चालेल का?"

मी म्हणले, "तू पेशंटला अर्धी भूल देती का?"

मंग तीच म्हणली, "काका, मोठं काढा."

बॉनेटवर काढलं. मधोमध. पांढऱ्या रंगात, मागं पिवळी सावली, जशी ट्रकवर असती. वर जयभीम. खाली कडूबा हिवाळे. कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं काही न्हाई, जाळीपुढं काही न्हाई, गाडीला सगळं दिसतं आन गाडीबी सगळ्यांना दिसती. रखमाजीनं अर्धी मजुरी घेतली न्हाई. म्हणला, ह्या नावाचा ब्रश माझ्याकडून राह्यलाच होता. गल्लीत आलो तव्हा झुंबरबाई ओट्यावरून वराडली, "कडूबा आला गं!" मी आत जाऊन पाणी पिऊन आले. जरा वेळ लागला.

आता कामाचं. येत्या रविवारी आम्ही पुण्याला येऊन राह्यलो. साक्षी चालवणार, मी बाजूला. समृद्धीनं जाणार न्हाई, ती पुण्याला जात न्हाई म्हणे, म्हणून नगरवरून. तिथं पट्ट्या हायेत, लेन काय करती ते मला बघायचंय. साक्षी म्हणली वाटंत दोनदा थांबायचं, पेंगंचा कप दिसायच्या आधी. सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आन तुला आवडतं तसं दह्यातलं पिठलं, डब्याला घट्ट झाकण हाय, सीटला डाग पडणार न्हाई.

तुझ्या सोसायटीच्या गेटवर गाडी उभी करणार. आत घ्या म्हणणार न्हाई. गेटवरचा माणूस विचारील, कोणाकडं आलात? मी राज आनंद म्हणणार न्हाई. मी त्या नावाच्या माणसाला ओळखत न्हाई, आन मला खोटं बोलता येत न्हाई, मांजरीचं सोडून. मी तुझं खरं नाव सांगंल. तो म्हणंल असं कोणी न्हाई. तर बरं. आम्ही तिथंच दारं उघडून जेवू. गाडी उंच हाय, बॉनेट लांब हाय, तुझ्या गॅलरीतून वाचता येईल. शेजाऱ्यालाबी वाचता येईल. तुला लाज वाटली तर पडदा लाव, पडद्याची काही हरकत न्हाई, कापड हाय.

साक्षी म्हणली, "आजी, ते नाही आले तर?" मी म्हणले, "न आले तर पिठलं आपल्याला जास्त." ती हसली. पण तिनं काल बॉनेट स्वतःच्या ओढणीनं पुसलं, दोन येळा.

आम्ही निघणार म्हंजे निघणार, थांबणार न्हाई, तिला सोमवारी अंबडला ऑपरेशन हाय. पण गेटवर वळायला जागा न्हाई, प्रीतीनं सांगितलं. गाडी सरळ मागंच घ्यावी लागती. ह्या गाडीचं असं हाय, मागं घेताना कोणी येऊन मागं उभं राह्यलं तर ती नाव विचारत न्हाई, स्वतः थांबती. मी साक्षीला सांगून ठेवलंय, मागं घेताना सावकाश घे.

तुझी माय
बेबीनंदा कडूबा हिवाळे